इमारतीच्या बीएमएसमध्ये लोड शेडिंग कसे बसवावे: मीटरपासून लोड परत चढवण्यापर्यंत

लोड शेडिंग म्हणजे इथे वीज कंपनीचे भारनियमन नव्हे, तर इमारतीतली काही उपकरणे (लोड) थोडा वेळ बंद किंवा कमी करणे; ते बीएमएस, म्हणजे इमारतीची यंत्रे चालवणारी नियंत्रण प्रणाली, करते. लोड उतरवणे हे बीएमएसमधले सर्वांत सोपे काम आहे. एक आउटपुट बंद केला की पंखा थांबतो. खरे काम त्यानंतरचे: नेमका किती लोड उतरला, तो किती वेळ बाहेर ठेवता येईल आणि परत चढताना तो आधीपेक्षा मोठी मागणी तर उभी करणार नाही ना. लोड शेडिंग बसवूनही ते कायमचे बंद करून ठेवलेले असते, तेव्हा गडबड बहुधा या तीन प्रश्नांपैकी एखाद्यात असते. म्हणून या लेखात मीटर, लोडची यादी आणि परतीचा क्रम यांना जास्त जागा दिली आहे.

## आधी हेतू पक्का करा

लोड शेडिंग तीन वेगवेगळ्या कारणांसाठी करतात आणि तिन्हींचा वेग वेगळा असतो.

पहिले कारण म्हणजे कमाल मागणी (बिलात धरली जाणारी सर्वांत मोठी सरासरी मागणी) आटोक्यात ठेवणे. इथे १५ किंवा ३० मिनिटांच्या ब्लॉकची सरासरी मोजली जाते, त्यामुळे निर्णय घ्यायला काही मिनिटे हातात असतात. दुसरे, मेन सप्लाय गेल्यावर जनरेटरला झेपेल एवढाच लोड त्याच्यावर ठेवणे. इथे हिशेब सेकंदांचा असतो. तिसरे, वीज कंपनीच्या किंवा ग्रिडच्या सूचनेवरून ठरावीक काळ वापर कमी करणे. याची सूचना बहुधा आधी मिळते, त्यामुळे तयारीला वेळ असतो.

तिन्हींसाठी लोडची यादी एकच ठेवा, पण लॉजिक स्वतंत्र लिहा. एकाच प्रोग्रॅममध्ये तिन्ही कोंबले की जनरेटर चालू असताना मागणीचे लॉजिक लोड परत चढवू लागते, आणि हा दोष नेमका सप्लाय गेलेला असतानाच समोर येतो.

## मीटर बरोबर वाचतोय का ते आधी पाहा

इनकमरवर (इमारतीत वीज येते त्या मुख्य ब्रेकरवर) ०.५ किंवा त्याहून चांगल्या अचूकतेच्या वर्गाचा मीटर असावा. मीटर चांगला असूनही आकडा चुकीचा येण्याची कारणे ठरलेली आहेत. सीटी (मोठा करंट मोजण्याजोगा लहान करणारा करंट ट्रान्सफॉर्मर) १०००/५ चा असताना मीटरमध्ये ८००/५ भरला असेल, तर वाचन २० टक्के कमी येते. तीनपैकी एक सीटी उलटा बसला असेल, तर समतोल लोडवर एकूण किलोवॅट खऱ्याच्या एक तृतीयांश दिसतात, कारण दोन फेजची बेरीज होते आणि तिसरी वजा होते. म्हणून आधी प्रत्येक फेजचे किलोवॅट वेगवेगळे बघा. एखाद्या फेजवर उणे चिन्ह दिसले आणि इमारतीत सोलर नसेल, तर सीटी किंवा व्होल्टेजची फेज चुकलेली आहे.

सीटीची वायर हलवण्याआधी दुय्यम बाजू शॉर्टिंग लिंकने शॉर्ट करा. प्राथमिक बाजूने करंट वाहत असताना उघड्या राहिलेल्या सीटीच्या टोकांवर जीवघेणे व्होल्टेज तयार होते.

मॉडबसवरून (उपकरणांतले आकडे वाचण्या-लिहिण्याची पद्धत) वाचत असाल तर तात्कालिक किलोवॅटबरोबर किलोवॅट-तासांचे रजिस्टरही घ्या. ब्लॉकची सरासरी एकत्रित ऊर्जेतून काढली की मधला एखादा पोल (मीटरला आकडा विचारणे) चुकला तरी हिशेब बिघडत नाही. ३२ बिटी आकड्यांत दोन शब्दांचा क्रम उलटा असेल तर अर्थहीन मोठे आकडे दिसतात. तो क्रम ड्रायव्हरमध्ये बदला. पोल दर ५ ते १० सेकंदांनी पुरतो.

वीज कंपनीच्या मीटरकडून पल्स (ठरावीक ऊर्जा वापरली गेली की येणारा सिग्नल) मिळत असेल तर तिचे वजन तपासा. एका पल्सला १ किलोवॅट-तास असेल, तर ५०० किलोवॅटवर दर ७.२ सेकंदांनी पल्स येते आणि ते चालते. एका पल्सला १० असेल तर पल्स ७२ सेकंदांनी येते, आणि एवढ्या विरळ माहितीवर १५ मिनिटांच्या ब्लॉकचा अंदाज भरवशाचा राहत नाही. अशा वेळी स्वतःचा मीटर लावा आणि पल्स केवळ पडताळणीसाठी ठेवा.

बिलात मागणी केव्हीएमध्ये मोजली जात असेल, तर लोड उतरवण्याआधी पॉवर फॅक्टर (किलोवॅट भागिले केव्हीए) सुधारा. ५०० किलोवॅटला ०.९० पॉवर फॅक्टरवर ५५६ केव्हीए लागतात, ०.९८ वर ५१०. कपॅसिटर पॅनेलचे जळलेले फ्यूज बदलून ४६ केव्हीए वाचत असतील, तर त्यासाठी लोकांचे एसी बंद करणे चुकीचे आहे.

## ब्लॉक कुठे सुरू होतो

काही वीज कंपन्या घड्याळाच्या ठरावीक ब्लॉकवर मोजतात, काही सरकत्या ब्लॉकवर, म्हणजे सतत मागच्या तेवढ्याच मिनिटांवर. ठरावीक ब्लॉक असेल आणि कंपनीच्या मीटरकडून ब्लॉक सुरू झाल्याचे सांगणारी सिंक पल्स मिळत असेल, तर ती डिजिटल इनपुटला घ्या आणि तिच्यावर ब्लॉकची गणना शून्य करा. सिंक पल्स मिळत नसेल तर सरकता ब्लॉक वापरा. सरकत्या ब्लॉकची कमाल सरासरी कोणत्याही ठरावीक ब्लॉकपेक्षा कमी असूच शकत नाही, त्यामुळे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते. कंट्रोलरच्या घड्याळाच्या भरवशावर ठरावीक ब्लॉक चालवू नका. घड्याळ तीन मिनिटे सरकले तर तुम्ही एक ब्लॉक वाचवत असता आणि बिल दुसऱ्याच ब्लॉकवर होत असते.

## लोडची यादी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

इमारतीत फिरून, पॅनेल उघडून यादी करा. नेमप्लेटवरचा आकडा यादीत लिहू नका; चालू स्थितीत खरोखर किती किलोवॅट जातात ते लिहा. ११ किलोवॅटची मोटर ७० टक्के वेगाने चालत असेल, तर ती सुमारे ३.८ किलोवॅट घेते, कारण पंख्याची शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे घटते. नेमप्लेटवरून हिशेब केला तर तिथे ११ किलोवॅट वाचतील असे सिस्टिम धरून चालते आणि प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच उतरतात.

मोजण्याची पद्धत सरळ आहे. बाकी सगळे स्थिर असताना एकच लोड उतरवा, तीन मिनिटे थांबा आणि मुख्य मीटरवरची घट बघा. छोट्या लोडला क्लॅम्प मीटर लावा. ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या लोडची, विशेषतः चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) आणि एएचयूंची (खोल्यांना हवा पुरवणारी युनिट), उन्हाळ्यातली आणि थंडीतली नोंद वेगळी ठेवा.

प्रत्येक लोडपुढे एवढे लिहा: मोजलेले किलोवॅट, किमान चालू वेळ, किमान बंद वेळ, कमाल बंद वेळ, तासाला किती वेळा सुरू करता येतो, बंद झाल्याची खात्री कुठून मिळते आणि बंद असताना कोणती मर्यादा ओलांडली की त्याला लगेच परत घ्यायचे. शेवटची नोंद लोक गाळतात. पार्किंगच्या एक्झॉस्ट पंख्याला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा हवी, सभागृहाच्या एएचयूला कार्बन डायऑक्साइडची (१००० पीपीएमच्या आसपास बरेच जण ठेवतात), गरम पाण्याच्या टाकीला तापमानाची. साठवलेले पाणी दीर्घकाळ ६० °से.च्या खाली राहिले तर लिजिओनेला जंतूंना वाव मिळतो, म्हणून टाकीला केवळ कमाल बंद वेळ देऊन भागत नाही.

यादीत येऊच नये अशा गोष्टी: फायर पंप, धूर काढणारे पंखे, जिन्यात हवेचा दाब राखणारे पंखे, इमर्जन्सी लाइट, फायरमन लिफ्ट, शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभाग, मेडिकल गॅस, सर्व्हर रूमचे कूलिंग, सुरक्षा यंत्रणा. या लोडना शेडिंगचा आउटपुट जोडायचाच नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्राधान्य शून्य देऊन ठेवणे पुरेसे नाही, कारण उद्या कोणी तरी तो आकडा बदलतो.

उरलेले लोड चार गटांत बसतात. पहिल्या गटात उतरवले तरी कोणाच्या लक्षात येत नाही असे: साठवण टाकीचे वॉटर हीटर, ओव्हरहेड टाकी भरणारे पंप (खालची पातळी सांभाळून), गाड्यांचे चार्जर, कारंजी. चार्जर पूर्ण बंद करण्याऐवजी त्याची करंट मर्यादा खाली आणा. आयईसी ६१८५१ प्रमाणे ही मर्यादा ६ अँपिअरपर्यंत उतरवता येते, त्याखाली चार्जिंग थांबते. दुसऱ्या गटात थोडे कमी केले तर चालणारे: व्हीएफडीवरचे (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावरचे) पंखे, डाली लाइटिंग (डिजिटल नियंत्रणाने मंद करता येणारे दिवे), चिलरची क्षमता. तिसऱ्यात आळीपाळीने बंद करता येणारे एएचयू आणि पॅकेज युनिट. चौथा गट अगदी नाइलाजाचा.

पुरवठा आणि एक्झॉस्टचे पंखे जोडीने उतरवा. एएचयू बंद आणि टॉयलेट एक्झॉस्ट चालू असे झाले की इमारतीत ऋण दाब तयार होतो, दारे उघडायला जड होतात आणि बाहेरची दमट हवा फटींतून आत येते.

## बंद करण्याआधी कमी करून बघा

पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर शक्ती जवळपास निम्म्यावर येते. मोठे पंखे बंद करण्यापेक्षा हे कितीतरी चांगले, कारण हवा खेळती राहते आणि परत येताना स्टार्टिंगचा झटका नसतो. मात्र डक्टमधला दाब कायम राखणारा स्टॅटिक प्रेशर लूप पंख्याला परत वर ढकलतो. म्हणून वेगाला वरची मर्यादा घाला किंवा प्रेशरचा सेटपॉइंट खाली आणा. केवळ वेगाचा आउटपुट ओव्हरराइड करून लूप मागे चालू ठेवू नका.

खोल्यांचे सेटपॉइंट एकत्र वर नेणे, समजा २४ वरून २६ °से., हा थर्मोस्टॅट थेट बीएमएसवर असलेल्या इमारतींत आमच्या मते पहिला उपाय असावा. बचत सगळीकडे पसरते आणि एकाच मजल्याला त्रास होत नाही.

थंड पाण्याचे तापमान वाढवताना सांभाळा. ७ °से.चे पाणी ९ वर नेले की कंप्रेसरची शक्ती घटते, पण एएचयूंचे व्हॉल्व्ह जास्त उघडतात, पंप वेग घेतात आणि व्हीएव्ही बॉक्स (खोलीची हवा कमी-जास्त करणारे) जास्त हवा मागतात. कंप्रेसरवर वाचवलेले पंखे आणि पंप खाऊन टाकतात. म्हणून पाण्याचे तापमान वाढवायचे तर त्याच क्षणी पंपांच्या आणि पंख्यांच्या वेगालाही मर्यादा घाला. दमट हवेत हा उपाय फार ताणू नका, कारण कोमट कॉइल ओलावा काढत नाही.

चिलरची पॉवर ब्रेकरने किंवा काँटॅक्टरने कधीही कापू नका. ऑइल हीटर बंद पडतो, रेफ्रिजरंट तेलात मिसळते आणि पुढच्या स्टार्टला बेअरिंगला नीट तेल मिळत नाही. चिलरच्या कंट्रोलरला क्षमता-मर्यादेचा इनपुट असतो, ४–२० मिलिअँपिअर किंवा बॅकनेटवर (बीएमएसच्या उपकरणांची नेटवर्क-भाषा). त्यावरून १०० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर आणा. सेंट्रिफ्युगल चिलर फार खाली नेला तर सर्जमध्ये (कंप्रेसरमधला प्रवाह उलटण्याच्या स्थितीत) जातो, तेव्हा किमान मर्यादा उत्पादकाच्या कागदपत्रांतून घ्या. थांबवायचाच असेल तर एनेबल (चालण्याची परवानगी देणारा) संपर्क उघडा आणि थंड पाण्याचा पंप त्यानंतर काही मिनिटे चालू राहू द्या.

## उतरवण्याचा हिशेब

समजा लक्ष्य ५०० किलोवॅटचे आहे आणि ब्लॉक १५ मिनिटांचा. म्हणजे एका ब्लॉकमध्ये १२५ किलोवॅट-तास वापरता येतात. सहाव्या मिनिटाला ५६ वापरून झाले आहेत आणि सध्या ५८० किलोवॅट चालू आहेत. उरलेल्या ९ मिनिटांत, म्हणजे ०.१५ तासात, याच दराने ८७ जातील. एकूण १४३, म्हणजे मर्यादेपेक्षा १८ जास्त आणि ब्लॉकची सरासरी ५७२ किलोवॅट. हे १८ वाचवायला ०.१५ तास आहे, म्हणून आत्ता १२० किलोवॅट उतरवावे लागतील. तोच निर्णय बाराव्या मिनिटापर्यंत लांबवला तर हातात ०.०५ तास उरतो आणि त्याच १८ किलोवॅट-तासांसाठी ३६० किलोवॅट उतरवावे लागतात. एवढा लोड बहुतेक इमारतींत उतरवायला नसतोच.

लिहायचे सूत्र एवढेच: (वापरलेली ऊर्जा + सध्याचा दर × उरलेला वेळ − ब्लॉकची मर्यादा) ÷ उरलेला वेळ. सध्याचा दर म्हणून शेवटच्या एक मिनिटाची सरासरी घ्या. तात्कालिक आकडा घेतला तर एक लिफ्ट सुटली तरी अंदाज उडी मारतो. ठरावीक ब्लॉकमध्ये पहिली दोन-तीन मिनिटे निर्णय घेऊ नका आणि शेवटच्या मिनिटाला नवा लोड उतरवू नका. शेवटच्या मिनिटात भागाकाराचा छेद इतका लहान होतो की सूत्र सगळा लोड उतरवायला सांगते.

लक्ष्य कितीचे ठेवावे? किमान एका वर्षाचे ब्लॉकवार आकडे उतरत्या क्रमाने मांडा. आलेख सुरुवातीला टोकदार असेल, म्हणजे थोडेच ब्लॉक खूप उंच असतील, तर तिथे लोड शेडिंग उत्तम चालते. आलेख वरून सपाट असेल, तर कमाल मागणी रोजचीच आहे आणि शेडिंग तासन्‌तास चालू राहील. तिथे उपाय कार्यक्षमतेत शोधावा. सुरुवातीला लक्ष्य नेहमीच्या कमाल मागणीपेक्षा पाच टक्क्यांच्या आसपास कमी ठेवा. पहिल्याच दिवशी १५ टक्के मागितले तर लोक गरमीची तक्रार करतात आणि ऑपरेटर सिस्टिम बंद करतो.

## बॅकनेटवर आज्ञा कोणत्या प्राधान्याने लिहायची

बॅकनेटच्या आउटपुटला १६ प्राधान्य-पातळ्या असतात आणि लहान आकडा जिंकतो. १ आणि २ जीवसुरक्षेसाठी राखीव, ५ महत्त्वाच्या उपकरणांच्या नियंत्रणासाठी, ६ किमान चालू-बंद वेळेसाठी, ८ ऑपरेटरच्या हाताने दिलेल्या आज्ञेसाठी. वेळापत्रक बहुधा १६ वर असते. मागणीचे शेडिंग १२ वर लिहा. त्यामुळे ते वेळापत्रकावर मात करते आणि ऑपरेटर ८ वरून त्याला थांबवू शकतो.

जनरेटरच्या शेडिंगला ऑपरेटरवर मात करावी लागते, म्हणून त्याचा आकडा ८ पेक्षा लहान हवा. पण ७ निवडला तर ६ वरची किमान चालू वेळ आड येते: नुकताच सुरू झालेला पंप जनरेटरवर तसाच राहतो. म्हणून ४ घ्या.

परत चढवताना त्या पातळीवर 'चालू' लिहू नका, नल (रिकामे मूल्य) लिहून पातळी मोकळी करा. ही चूक फार सापडते. १२ वर 'चालू' राहिले की रात्री १६ वरचे वेळापत्रक एएचयू बंद करू शकत नाही आणि कमाल मागणी वाचवताना रोजचा वापर वाढतो. दर रात्री एकदा सगळ्या शेडिंग पॉइंटच्या १२ नंबरच्या पातळीवर नल लिहिणारी ओळ प्रोग्रॅममध्ये असावी. त्या वेळी शेडिंग चालू नाही एवढी अट तिला जोडा.

व्हीएफडी किंवा थर्मोस्टॅटचा सेटपॉइंट मॉडबसवरून बदलत असाल तर तो रॅममधल्या रजिस्टरमध्ये लिहिला जातो का ते पाहा. अनेक उपकरणांत ईईप्रॉमला (वीज गेली तरी मूल्य जपणाऱ्या मेमरीला) सुमारे एक लाख वेळा लिहिण्याची मर्यादा असते. दर १० सेकंदांनी लिहिले तर ती १२ दिवसांत संपते आणि व्हीएफडीचा बोर्ड बदलावा लागतो. मूल्य बदलले तरच लिहा.

लॉजिक सर्व्हरवर ठेवू नका. मीटर ज्या कंट्रोलरला जोडलेला आहे त्याच कंट्रोलरमध्ये ठेवा. सर्व्हर अपडेटसाठी बंद असतानाही ब्लॉक मोजले जात असतात.

## परत चढवणे

वर आलेला ११ किलोवॅटचा पंखा पुन्हा बघा. असे सहा एएचयू ७० टक्के वेगाने चालत असताना उतरवले तर सुमारे २३ किलोवॅट वाचतात. २० मिनिटांत खोल्या गरम होतात. पंखे बंद असतानाही पीआयडी लूप (तापमान सेटपॉइंटवर राखणारे नियंत्रण) चालूच असेल, तर त्याचा इंटिग्रल भाग (साचत जाणारा फरक) फुगत जाऊन आउटपुट १०० टक्क्यांवर जातो. सहाही एकदम परत आले की ६६ किलोवॅट मागतात. उतरवले २३, परत आले ६६. वर थंड पाण्याचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आणि चिलर पूर्ण क्षमतेवर, तो वेगळाच. नवी कमाल मागणी नोंदली जाते ती बहुधा याच दहा मिनिटांत.

यावर चार गोष्टी एकत्र कराव्या लागतात. पंखा बंद असताना लूप थांबवा आणि सुरू होताना त्याचा इंटिग्रल शून्यातून किंवा बंद होण्याआधीच्या मूल्यातून सुरू करा. व्हीएफडीचा वेग मिनिटाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढणार नाही अशी मर्यादा घाला. लोड एकेक करून, मध्ये ६० सेकंद ठेवून चढवा. आणि प्रत्येक पायरीनंतर अंदाज पुन्हा काढून, जागा असेल तरच पुढचा लोड घ्या. ठरावीक ब्लॉक असेल तर सगळे लोड नव्या ब्लॉकच्या पहिल्या मिनिटात धावून येण्याचा धोका असतो, कारण तिथे अंदाज नेमका रिकामा दिसतो.

उतरवण्याच्या आणि चढवण्याच्या मर्यादांत पुरेसे अंतर ठेवा. लक्ष्य ५०० असेल आणि सर्वांत मोठी पायरी ४५ किलोवॅटची, तर ४८० ला उतरवा आणि ४२० च्या खाली गेल्यावरच चढवा. हे ६० किलोवॅटचे अंतर पायरीच्या सव्वापटीहून जास्त आहे, आणि ते तसेच हवे, कारण लोड परत येताना उतरतानापेक्षा जास्त मागतो. अंतर पायरीपेक्षा लहान ठेवले तर तोच लोड चालू-बंद होत राहतो आणि आधी काँटॅक्टर जातो, मग कंप्रेसर.

खोल्यांचा सेटपॉइंट २६ वरून २४ ला एकदम आणू नका. दर १५ मिनिटांनी अर्धा अंश खाली आणा आणि मजल्यांचे दोन-तीन गट करून त्यांत पाच मिनिटांचे अंतर ठेवा.

कोणता लोड आधी परत घ्यायचा? ठरलेल्या प्राधान्यक्रमात आधी उतरवलेला शेवटी परत येतो आणि पहिल्या गटासाठी ते योग्य आहे. एकाच प्रकारच्या एएचयूंमध्ये मात्र आळीपाळी हवी: जो आधी बंद झाला तो आधी परत. त्याहून चांगले म्हणजे खोलीचे तापमान सेटपॉइंटपासून ज्याचे सर्वांत दूर गेले आहे त्याला आधी घेणे, आणि उतरवताना ज्याचे सर्वांत जवळ आहे त्याला आधी काढणे. यासाठी सेन्सर बरोबर असावे लागतात. प्रिंटरच्या वर लावलेला सेन्सर आपल्या मजल्याला कायम वशिला मिळवून देतो.

## जनरेटर

मीटरचा पोल, कंट्रोलरचा स्कॅन, नेटवर्कवरचे लेखन आणि रिले मिळून बीएमएसला ५ ते १० सेकंद लागू शकतात. ओव्हरलोड झालेल्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी त्याच्या खूप आधी कोसळते. म्हणून पहिला घाव हार्डवायर्ड ठेवा: चेंजओव्हरच्या (मेन आणि जनरेटर यांत बदल करणाऱ्या स्विचच्या) सहायक संपर्कातून थेट अनावश्यक फीडरचे काँटॅक्टर किंवा शंट ट्रिप (ब्रेकर पाडणारी कॉइल), आणि त्यांच्या मागे आधार म्हणून अंडर-फ्रिक्वेन्सी रिले. बीएमएसचे काम त्यानंतर कोणता लोड किती जागेत परत घ्यायचा एवढेच.

५०० केव्हीएचा सेट ०.८ पॉवर फॅक्टरला ४०० किलोवॅट देतो. ८५ टक्क्यांची मर्यादा धरली तर ३४० किलोवॅट. अत्यावश्यक लोड २९० असेल तर ५० किलोवॅटची जागा उरते. त्यात थेट ऑनलाइन, म्हणजे एकदम पूर्ण व्होल्टेजवर, सुरू होणारा मोठा पंप घालू नका. सुरुवातीचा करंट सहा-सातपट असतो. सेट स्थिरावल्यावर १० सेकंद थांबा, मग ५ ते १० सेकंदांच्या पायऱ्यांनी लोड चढवा, मोठी मोटर आधी. उलट बाजूही सांभाळा: डिझेल सेट ३० टक्क्यांखाली, म्हणजे इथे १२० किलोवॅटखाली, तासन्‌तास चालला तर न जळलेले इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. रात्री लोड एवढा कमी असेल तर उतरवलेल्यांपैकी काही मुद्दाम परत घ्या.

## ग्रिडची सूचना आली तर

ओपनएडीआर २.० मध्ये (ग्रिडच्या सूचना इमारतीला पाठवण्याचे मानक) साध्या सिग्नलच्या ० ते ३ अशा पातळ्या असतात. पातळी १ ला सेटपॉइंट एक अंश वर, २ ला दोन अंश आणि लाइटिंग ७० टक्के, ३ ला तिसऱ्या गटातले लोडही, अशी जोडणी आधीच ठरवून ठेवा. सूचना दोन तास आधी मिळाली तर इमारत थोडी आधीच थंड करून घ्या, पण त्या पूर्वथंडीलाही मागणीची मर्यादा लागू ठेवा. बॅकनेटमध्ये यासाठी लोड कंट्रोल ऑब्जेक्ट आहे. मागितलेली, अपेक्षित आणि प्रत्यक्ष घट हे तिन्ही आकडे त्यात वेगळे दिसतात. तुमचा कंट्रोलर त्याला साथ देत असेल तर तोच वापरा.

## काहीतरी बिघडेल तेव्हा

मीटरशी संपर्क तुटला आणि शेवटचा आकडा तसाच गोठला, तर लॉजिक त्यालाच खरा मानून चालते. ऊर्जेचा आकडा सलग ६० सेकंद हलला नाही तर मीटर मृत समजा. त्यानंतर मागणीच्या शेडिंगमध्ये आहे ती स्थिती कमाल बंद वेळेपर्यंत धरा, मग एकेक लोड सोडा आणि अलार्म द्या. जनरेटर चालू असेल तर काहीही परत चढवू नका.

रिलेची जोडणीही याच विचाराने करा. मागणीच्या शेडिंगमध्ये कंट्रोलर बंद पडला तर उपकरण चालू राहावे, म्हणून नॉर्मली क्लोज्ड संपर्क. जनरेटरवर नको असलेल्या फीडरला उलट: सिग्नल नसेल तर तो बाहेर राहावा.

पॅनेलवरचा सिलेक्टर 'हँड'वर राहिला की बीएमएस लोड उतरवतो आणि पंखा मात्र चालतच राहतो. म्हणून बंद झाल्याची खात्री आउटपुटवरून न घेता करंट सेन्सिंग रिलेवरून घ्या. आज्ञा दिल्यानंतर ३० सेकंदांत करंट गेला नाही तर त्या लोडचे किलोवॅट हिशेबातून वजा करा आणि पुढचा लोड घ्या. ऑपरेटरच्या ८ नंबरच्या ओव्हरराइडला दोन तासांची मुदत घाला आणि चालू ओव्हरराइडची यादी मुख्य स्क्रीनवर ठेवा.

## चाचणी

आधी आउटपुट न जोडता, फक्त लॉजिक चालवून, निदान एक आठवडा नोंद ठेवा: कधी उतरवले असते, किती, किती वेळ. मग मीटरच्या जागी हाताने आकडा भरता येईल असा चाचणी-पॉइंट करा आणि ४६०, ४८५, ५२०, ४१० असे आकडे देऊन पायऱ्या क्रमाने चालतात का बघा. शेवटी खऱ्या लोडवर, कमी गर्दीच्या वेळी, लक्ष्य मुद्दाम चालू मागणीपेक्षा दहा टक्के खाली आणा. प्रत्येक पायरीची मोजलेली घट यादीतल्या आकड्याशी ताडून पाहा. २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर यादी दुरुस्त करा.

या चाचणीत उतरण्यापेक्षा परतीचा ट्रेंड जास्त बारकाईने पाहा. एक मिनिटाच्या अंतराने मुख्य मीटर, चिलरची क्षमता, पंख्यांचा वेग आणि दोन-चार खोल्यांची तापमाने एकाच आलेखावर घ्या. परतीनंतरच्या ४५ मिनिटांत मागणी शेडिंगच्या आधीच्या पातळीपेक्षा वर गेली, तर पायऱ्यांमधले अंतर वाढवा किंवा वेगवाढीची मर्यादा आणखी हळू करा, आणि चाचणी पुन्हा घ्या.

सगळे ठीक चालले तर लक्ष्य महिन्याला दोन टक्क्यांपेक्षा जास्त खाली नेऊ नका. प्रत्येक शेडिंगची वेळ, उतरलेले लोड, मोजलेली घट आणि परतीचा वेळ यांची नोंद आपोआप फाइलमध्ये जाऊ द्या. एखादी मोटर, चिलर किंवा व्हीएफडी बदलला की त्याच दिवशी यादीतले किलोवॅट आणि किमान-कमाल वेळा नव्याने मोजून भरा.